पिंक फ्लॉइड 'प्रोग' आहे का? एकेक अल्बम उघडून पाहू

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडला प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे 'प्रोग'च्या, यादीत बसवलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, तेवीस मिनिटांचं गाणं आहे, अल्बमभर चालणारा एकच विषय आहे, मुखपृष्ठावर बँडचा फोटोसुद्धा नाही, आणखी काय पाहिजे? दुसरा म्हणतो, अहो, 'येस' किंवा 'किंग क्रिमसन' या प्रोग बँडमधल्या लोकांसारखं वाजवणारा यांच्यात एक तरी होता का? गंमत अशी की दोघांचंही खरं आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. त्यामुळे आधी मापं ठरवू आणि मग बँडच्या नावाला शिक्का मारण्याऐवजी गाणी तपासू. १९६७ चं फ्लॉइड आणि १९७७ चं फ्लॉइड यांना एकाच रकान्यात टाकलं की गोंधळाला तिथूनच सुरुवात होते.

प्रोग हा शब्द आज आपण जितक्या नेमकेपणाने वापरतो तितका तो सुरुवातीला नेमका नव्हता. १९६९ च्या लंडनमध्ये 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे सिंगलच्या (सुट्या गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या) बाजारासाठी न बनवलेलं, बसून ऐकायचं रॉक. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्याच वर्षी अशा बँडसाठी हार्वेस्ट हे लेबल काढलं, फिलिप्सने व्हर्टिगो काढलं. हार्वेस्टवर पिंक फ्लॉइड होतं आणि डीप पर्पलही होतं. व्हर्टिगोवर ब्लॅक सबाथ होतं. या अर्थाने फ्लॉइड प्रोग आहेच, पण मग हेवी मेटलचे आद्य पुरुषही प्रोग ठरतात. पुढे किंग क्रिमसनचा पहिला अल्बम (ऑक्टोबर १९६९) आणि १९७१ ते ७३ मधलं येस, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर, जेथ्रो टल यांचं काम यांच्याभोवती त्या शब्दाचा अर्थ आवळत गेला. अनेक भागांची बांधेसूद रचना, आधी आलेलं सूत्र रूप बदलून पुन्हा येणं, विषम मात्रांचे ताल, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत किंवा जाझमधून उचललेली सामग्री, आणि हे सगळं पेलणारा वादनाचा हात. वाद या दुसऱ्या, घट्ट अर्थावरून असतो, म्हणून तोच धरू.

लांबी हे माप सर्वांत आधी बाद करा. एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं आरामात मावतात. त्यापुढे गेलं की खाचा एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते, आणि पहिला बळी बेसचा जातो. त्यामुळे वीस-तेवीस मिनिटांचं गाणं म्हणजे 'एक बाजू भरली' एवढाच अर्थ होतो. ती कशाने भरली हा खरा प्रश्न. जॅमिंग करत, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवत, पंचवीस मिनिटं ओढणारे बँड त्या काळात पैशाला पासरी होते आणि त्यांना कोणी प्रोग म्हणत नाही. 'कन्सेप्ट अल्बम' हेही माप तितकंच कच्चं. विषयाचा धागा गीतांमधून ओवता येतो, त्यासाठी संगीत गुंतागुंतीचं असावं लागत नाही.

आता ताल. इथे पुराव्यादाखल हटकून पुढे केलं जातं ते 'मनी', १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं. सात मात्रांचं आवर्तन आहे हे खरं. बोटांवर मोजून पाहा. बी हा षड्ज धरला तर बेसवर पहिल्या मात्रेला सा, दुसऱ्या मात्रेत दोन स्वर (तार सा आणि प), तिसरीला परत खालचा सा. मग चौथीपासून सातवीपर्यंत मंद्र पंचम, मंद्र कोमल निषाद, सा, कोमल गंधार असे चार स्वर चढत जातात. आठ स्वर, सात मात्रा. रूपकाची सवय असलेल्याला हे तीन अधिक चार बसल्याजागी सापडतं. गाण्याआधी ऐकू येणारा नाण्यांचा, फाटणाऱ्या कागदाचा, गल्ल्याचा आवाजही याच मापात आहे. टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले, एकमेकांना चिकटवून वळसा केला, आणि तो वळसा यंत्रावर फिरत ठेवला. तुकडा थोडा जरी लांब झाला तरी मात्रा ढळणार. त्या काळी संगणक नव्हता, ब्लेड आणि चिकटपट्टी होती.

पण गाणं तिथे थांबत नाही. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सात मात्रांत वाजतो. साधारण तीन मिनिटांवर बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याची गिटार येते आणि सगळा बँड सरळ चार मात्रांवर उतरतो. सोलो संपला की पुन्हा सात. आणि मागे सुरावटींचा जो सांगाडा आहे तो बारा आवर्तनांच्या ब्लूजचाच, थोडा ताणलेला. म्हणजे जिथे मोकळेपणाने बोलायचं होतं तिथे बँडने विषम ताल सोडून दिला. अस्सल प्रोग बँडने नेमकं उलट केलं असतं, सोलोच्या वेळी ताल आणखी वाकडा केला असता. जेनेसिसच्या १९७२ च्या 'सपर्स रेडी'मध्ये टोनी बँक्सचा ऑर्गन नऊ मात्रांच्या ठोक्यावर स्वार होतो तो भाग ऐका, फरक कळेल. शिवाय विषम मात्रा एवढ्यावरच जायचं तर बीटल्सचं 'ऑल यू नीड इज लव्ह'सुद्धा सातात चालतं. त्याला प्रोग म्हणायची कोणाची तयारी आहे?

रचनेची परीक्षा घ्यायची तर एक जोडी शेजारी शेजारी ठेवावी: फ्लॉइडचं 'एकोज' (१९७१, साडेतेवीस मिनिटं) आणि येसचं 'क्लोज टू द एज' (१९७२, पावणेएकोणीस मिनिटं).

येसचं गाणं चार नाव दिलेल्या भागांचं आहे. पहिल्या भागातली गायनाची चाल दुसऱ्या भागात परत येते, पण खालचा बेस आणि ड्रम बदललेले असतात, त्यामुळे ओळखीची चाल अनोळखी जमिनीवर उभी असल्यासारखी वाटते. तिसरा भाग संथ आहे, त्यात चर्चचा पाइप ऑर्गन उघडतो, आणि चौथ्यात सुरुवातीचं सूत्र चढ्या अवस्थेत परततं. एखादा भाग काढून टाकला तर बाकीच्याचा अर्थ लंगडा होतो. तपशिलाचा वाद घालणाऱ्यांसाठी: हे सगळं त्यांनीही एका दमात वाजवलेलं नाही, स्टुडिओत तुकड्या-तुकड्यांनी वाजवून टेप जोडलेली आहे. तरी रचना आधी डोक्यात होती हे कानाला कळतं.

'एकोज'चं तसं नाही. फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याच्या पियानोवरचा एक उंच स्वर लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे आत भोंगा फिरत असलेल्या स्पीकरमधून, काढला की पाण्याच्या थेंबासारखा 'टिंग' होतो, त्याने सुरुवात. मग दोन कडवी, गिटार, सातव्या मिनिटाच्या आसपास एक लांबलचक फंकी जॅम, अकरानंतर ताल विरून जातो आणि वारा, कावळे, किंकाळ्या ऐकू येतात. त्या किंकाळ्या म्हणजे गिल्मरची गिटारच आहे, वाह-वाह पेडलच्या वायरी उलट्या जोडल्या की ते यंत्र असं केकाटतं. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास 'टिंग' परत येतो, हळूहळू चढण, आणि एकोणिसाव्या मिनिटानंतर तिसरं कडवं. म्हणजे मुळात हे तीन कडव्यांचं साधं गाणं आहे, मधोमध कापून आत तेरा-चौदा मिनिटांची पोकळी उघडलेली. ताल जिथे आहे तिथे शांतपणे चार मात्रांचा. सूत्रांचा विकास वगैरे फारसा नाही. फंकी जॅम दोन मिनिटांनी कमी केला तर बिघडेल का? माझ्या मते नाही. पण ती पोकळी काढली तर तिसरं कडवं पहिल्या दोन कडव्यांसारखंच वाजेल, आणि इतक्या प्रवासानंतर त्याला जे वजन येतं ते येणार नाही.

इथेच फ्लॉइडची रीत उघड होते. रॉजर वॉटर्स (बेस), निक मेसन (ड्रम) आणि राइट हे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशास्त्र शिकायला एकत्र आले होते, आणि १९६८ च्या 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' या बारा मिनिटांच्या तुकड्यासाठी वॉटर्स आणि मेसनने स्वर लिहिण्याऐवजी चढ-उतारांचा आराखडा कागदावर काढला होता. कुठे दाटी, कुठे मोकळी जागा, कुठे चढण. येस किंवा जेनेसिसची गुंतागुंत स्वरांत आणि बोटांत राहते, फ्लॉइडची आवाजात, टेपमध्ये आणि जागेच्या वाटणीत. गुंतागुंत दोन्हीकडे आहे, पण एकीचं माप दुसरीला लावलं की फ्लॉइड नापास होतं.

वादनाच्या परीक्षेत तर ते सरळच नापास, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बँडचं नावच पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज कलाकारांच्या नावांवरून बँडचा पहिला गायक-गिटारवादक सिड बॅरेटने जुळवलं. गिल्मरचं बलस्थान वेगात नाही, मींडेत आहे. तार ओढून स्वर वर नेताना तो मध्येच थबकतो, अर्ध्या वाटेवरून आणखी वर ढकलतो, आणि मग कंप देतो. पेंटाटोनिकच्या पाच स्वरांत त्याचं बरंचसं काम होऊन जातं. मेसन हा संयमी, किंचित मागे रेलून वाजवणारा ड्रमर. विषम तालाशी त्याचं कधी फारसं जमलं नाही. 'द वॉल'मधल्या 'मदर'मध्ये गाण्याच्या ओळीप्रमाणे मात्रा कमी-जास्त होतात, तिथे शेवटी टोटो बँडच्या जेफ पोर्कारोला बोलावून ड्रम वाजवून घेतले. १९८३ च्या 'द फायनल कट'मधल्या शेवटच्या गाण्यावर अँडी न्यूमार्क आहे, कारण साधारण तेच. येस आणि किंग क्रिमसनचा ड्रमर बिल ब्रुफर्ड याच्यासाठी असा बदली वादक आणावा लागला असता, अशी कल्पनाही करवत नाही.

सुरावटींचं म्हणाल तर फ्लॉइडने शास्त्रीय संगीताकडे सहसा हात पसरला नाही. इमर्सन लेक अँड पामरने मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराची रचना रॉकमध्ये आणली. फ्लॉइडचा कल जाझकडे आणि तोही राइटमुळे. 'डार्क साइड'वरच्या 'ब्रीद'मधला एक कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आपण जाझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून घेतला हे राइटने स्वतः सांगितलंय. 'ब्रीद'ची मुख्य हालचाल फक्त दोन कॉर्डची आहे, ई मायनर आणि ए मेजर. ई हा सा धरला तर कोमल गंधार, कोमल निषाद आणि शुद्ध धैवत, म्हणजे काफी थाट. हाच शुद्ध धैवत 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'च्या त्या चार सुप्रसिद्ध स्वरांत आहे. जी हा सा मानून वाजवा: कोमल ग, वरचा कोमल नि, खाली सा, आणि शेवटी शुद्ध ध. शेवटच्या स्वरावर धैवत कोमल करून बघा. सूर ओळखीच्या उदासीत जाऊन बसतो आणि ते अधांतरी लटकणं नाहीसं होतं.

सगळ्या मापांत वरवर बसणारा अल्बम हवा असेल तर तो 'अ‍ॅटम हार्ट मदर' (१९७०). पहिल्या बाजूवर सहा भागांची पावणेचोवीस मिनिटांची रचना, पितळी वाद्यं, चेलो, समूहगान, आणि लिहिलेली स्वरलिपी. ती लिपी रॉन गीसिन या बाहेरच्या संगीतकाराने लिहिली, बँडमधल्या कोणालाही ते काम येत नव्हतं. आणि घोळ कुठे झाला ते पाहण्यासारखं आहे. ईएमआयकडे एक इंच टेपवर आठ ट्रॅकची नवी यंत्रं आली होती आणि ती टेप कापायची नाही असा हुकूम होता. म्हणून वॉटर्स आणि मेसनला बेस आणि ड्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवावे लागले. माणसं आहेत, लय कुठे पळाली, कुठे बसली. नंतर त्या हलत्या जमिनीवर वाद्यवृंदाला उभं राहायचं होतं, आणि असे वादक ठोक्याला नेमके असतात. शेवटी समूहगानाचे संचालक जॉन ऑल्डिस यांनी हातात छडी घेऊन ते काम पार पाडलं. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तरी वॉटर्स आणि गिल्मर दोघांनीही पुढे त्या रचनेला नावंच ठेवली. प्रोगचा पोशाख अंगावर चढवून पाहिला, बसला नाही, काढून ठेवला.

त्यानंतर ते आपल्या मूळ ताकदीकडे वळले. 'डार्क साइड'मधली बहुतेक गाणी सुटी काढली तर साधी, चार मात्रांची, मध्यम लांबीची आहेत. अवघड आहे ते त्यांना शिवणं. पहिल्या मिनिटभरात हृदयाचे ठोके, घड्याळं, गल्ला, हसणं, किंचाळणं असं पुढे येणाऱ्या सगळ्याचं झलकपत्र आहे, म्हणजे ऑपेराच्या पूर्वरंगाचं काम टेपच्या तुकड्यांनी केलंय. 'ऑन द रन' हा ईएमएस कंपनीच्या सिंथी एकेएस या पेटीएवढ्या सिंथेसायझरवर भरलेला आठ स्वरांचा क्रम, वेग वाढवून सोडून दिलेला. मधली बोलणी अशी मिळाली: वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले, अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या माणसांना, अगदी दरवानालाही, एकेकाला माइकसमोर बसवून उत्तरं ध्वनिमुद्रित केली आणि गाण्यांच्या सांध्यांत बसवली. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. इतके लोक प्रोग ऐकत होते असं नाही. गाणी गुणगुणता येत होती आणि गुंतागुंत आड येत नव्हती.

तर आता निवाडा, आणि तो एका ओळीत देता येत नाही.

सिड बॅरेटच्या काळातलं पहिलं अल्बम (१९६७) प्रोग नाही, सायकेडेलिक आहे. छोटी चमत्कारिक गाणी आणि एक मोकाट सुटलेला नऊ-दहा मिनिटांचा जॅम. 'उमागुमा' (१९६९) या अल्बमचा स्टुडिओ भाग प्रयोग आहे, चौघांना अर्धी अर्धी बाजू वाटून दिलेली, आणि खरं सांगायचं तर आज तो पूर्ण ऐकणारे कमीच. १९७० ते १९७७ हा पट्टा प्रोगमध्ये धरावा, पण प्रत्येक अल्बमचं कारण वेगळं. 'विश यू वेअर हिअर'मध्ये 'शाइन ऑन' हे नऊ भागांचं, एकूण सव्वीस मिनिटांचं, अल्बमच्या दोन टोकांना वाटलेलं काम आहे, पहिलं गायन यायलाच आठ मिनिटांहून जास्त लागतात, आणि चार स्वरांचं सूत्र खरोखर आधार धरून चालतं. त्याच अल्बममधलं शीर्षकगीत मात्र शेकोटीभोवती म्हणावं इतकं सरळ.

'अ‍ॅनिमल्स' (१९७७) हा माझ्या मते त्यांचा सर्वांत अस्सल प्रोग अल्बम. सतरा, अकरा आणि दहा मिनिटांच्या आसपासच्या तीन रचना, दोन्ही टोकांना दीड-दीड मिनिटाची एकच चाल, आणि रचनांच्या आत खरोखरचे भाग. गीतांत मात्र परीकथा नाहीत, कुत्री, डुकरं आणि मेंढरं करून माणसांची खरडपट्टी आहे, ऑर्वेलच्या वळणाची. नियतीचा खेळ असा की त्याच सुमारास सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर वर 'आय हेट' लिहून फिरत होता. पंकवाल्यांच्या लेखी फ्लॉइड हे सुस्त, श्रीमंत प्रोगचं प्रतीक. या रागाला संगीतशास्त्राशी देणंघेणं नव्हतं, पण 'फ्लॉइड म्हणजे प्रोग' हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं होण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

'द वॉल' (१९७९) पुढे प्रोग संपतं. ते रॉक ऑपेरा आहे, गोष्ट सांगणाऱ्या छोट्या गाण्यांची माळ. १९६८ च्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये एकही सिंगल न काढलेल्या या बँडने निर्माता बॉब एझ्रिनच्या सांगण्यावरून 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागाला डिस्कोचा ठोका दिला आणि तो सिंगल पहिल्या क्रमांकावर गेला. वॉटर्स गेल्यानंतरचे १९८७ आणि १९९४ चे अल्बम म्हणजे लांब प्रस्तावनांचं गुळगुळीत रॉक.

हे सगळं स्वतःच्या कानाने तपासायचं असेल तर क्रम असा लावा: आधी 'मनी', सात मोजत, आणि मोजणी कुठे फसते ते टिपत. मग 'क्लोज टू द एज' आणि लगेच 'एकोज', एकाच बैठकीत. मग 'अ‍ॅटम हार्ट मदर', ड्रमच्या लयीवर लक्ष ठेवून. शेवटी 'अ‍ॅनिमल्स'मधलं 'डॉग्ज'. अ‍ॅपवर ऐकत असाल तर शफल बंद करा, दोन गाण्यांमधला क्रॉसफेड शून्यावर आणा, नाहीतर 'डार्क साइड'चे सांधे अ‍ॅपच नव्याने जोडून टाकतं. आणि 'एकोज' ऐकायचं ते 'मेडल' या मूळ अल्बममधलं. २००१ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहात ते कापून साडेसोळा मिनिटांचं केलं आहे, वर त्या संग्रहाचं नावही 'एकोज'च, त्यामुळे शोधताना हमखास तेच आधी हाती लागतं.